मतभेद नाटकाबद्दल, मानापमान मात्र आपला

नाटक संपल्यावर मराठी माणूस लगेच घरी जात नाही. ऑडिटोरियमच्या भाड्याची वेळ संपत आलेली असते, कार्यकारिणीतली मंडळी खुर्च्या आवरत असतात, मुले पेंगुळलेली असतात, तरीही लॉबीत चारपाच घोळके उभेच असतात. "पहिला अंक फार ओढला हो," असे एक जण म्हणतो. "छे, पहिल्या अंकातच तर जीव होता, दुसऱ्यात नुसती रडारड," असे दुसरा म्हणतो. तिसऱ्याने हेच नाटक मूळ संचात शिवाजी मंदिरला पाहिलेले असते आणि ते सांगितल्याशिवाय तो गाडीत बसणार नसतो. मला हे दृश्य फार आवडते. ज्या समाजाला नाटक पाहून वाद घालावासा वाटतो त्या समाजात नाटक अजून जिवंत आहे, असे खुशाल समजावे. तेव्हा वादाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण वाद कसा घालतो याबद्दल.

हा विषय इथे, अमेरिकेत, जास्त महत्त्वाचा आहे. पुण्यात किंवा दादरला एखादे नाटक आवडले नाही तर पुढच्या रविवारी दुसरे पाहता येते, आणि शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ जन्मात पुन्हा भेटतील असे नाही. इथे भारतातून नाटक येते ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थही तेच असतात, ज्यांच्या गाडीतून आपली मुले दर रविवारी मराठी शाळेत जातात आणि ज्यांच्या पत्नीने आपल्या घरातल्या आजारपणात आठवडाभर डबा पोचवलेला असतो. अशा माणसाशी तिसऱ्या अंकावरून बोलणे तुटले तर नुकसान नाट्यचर्चेपुरते राहत नाही.

एक उदाहरण देतो. मंडळाचे आणि माणसांचे नाव सांगण्याची गरज नाही. गणेशोत्सवात एकांकिका बसवली होती. मुख्य भूमिका करणाऱ्या बाई दिवसभर प्रयोगशाळेत नोकरी करून संध्याकाळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तालमीला येत. आठ आठवडे तालीम चालली. प्रयोग झाल्यावर जेवणाच्या रांगेत एक जाणकार गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुण्यात असतं ना, तर लोकांनी दहाव्या मिनिटाला टाळ्या वाजवून खाली बसवलं असतं!" रांग हसली. त्या बाईही हसल्या. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी भूमिका घेतली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्यांच्या मैत्रिणींनी त्या गृहस्थांनी योजलेल्या नाट्यवाचनाला यायचे नाकारले, आणि हे प्रकरण मंडळाच्या निवडणुकीपर्यंत गेले.

यातली खरी गोम अशी की त्या गृहस्थांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. शेवटचे स्वगत बाई रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून बोलल्या आणि सातव्या रांगेच्या मागे ते कोणाला ऐकूच आले नाही. गृहस्थ एवढेच म्हणाले असते तर पुढच्या प्रयोगात पाच मिनिटांत सुधारणा झाली असती. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी होते, पण ते पोचलेच नाही. पोचला तो फक्त अपमान. फटकळपणाचे समर्थन करणारे नेहमी म्हणतात, "आम्ही बुवा स्पष्ट बोलतो." मला वाटते, फटकळ बोलण्यात सर्वांत कमी असतो तो स्पष्टपणाच. "भिकार" या शब्दातून बोलणाऱ्याचा राग कळतो. नाटकाचे नेमके काय बिघडले ते कळत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच वाईट आहे. "छान झालं हं!" ही आपली ठरलेली पावती. दिग्दर्शक चांगला, नेपथ्य चांगले, पाठांतर नसलेला नटही चांगला. गाडीत बसून दार लावले की मग खरे मत बाहेर पडते. हाही सभ्यपणा नव्हे. ज्याने आठ आठवडे घाम गाळला त्याला खरे ऐकण्याची कुवत नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकलेले असते. तेव्हा सभ्यता म्हणजे गोड बोलणे नव्हे आणि मतभेद गिळणेही नव्हे, एवढे आधी मान्य करू. मग ती आहे तरी काय? याचे उत्तर आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात सापडते, म्हणून थोडे मागे जाऊ.

मराठी नाट्यरसिकांतली सर्वांत गाजलेली दुफळी बहुधा बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांची. एकीकडे गंधर्व नाटक मंडळी, दुसरीकडे केशवरावांनी १९०८ साली हुबळीत काढलेली ललितकलादर्श. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले, केशवरावांना तालीम रामकृष्णबुवा वझ्यांची. एकाच्या गाण्यात लडिवाळ भाव आणि शब्दाला जपणे, दुसऱ्याच्या गाण्यात चढा पल्ला आणि धडाडीची तान. म्हणजे मतभेदाला भरपूर आणि खरीखुरी जागा होती. गाण्यात आधी काय हवे, हा प्रश्न संगीत नाटकाच्या मुळाशीच आहे.

अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक-नट एकाच रंगमंचावर, आणि दोन्ही पक्षांचे चाहते एकाच प्रेक्षागृहात. या प्रयोगाच्या आठवणी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आणि त्यात कोणी बाजी मारली यावर वादही रंगले. पण मला महत्त्वाची वाटते ती त्या संध्याकाळची रचना. एरवी गंधर्वांचा चाहता गंधर्वांच्या नाटकाला जाई आणि केशवरावांबद्दलचे मत घरबसल्या बनवी. दुसऱ्या बाजूचेही तेच. त्या दिवशी मात्र आपल्या दैवताचे पद ऐकायचे तर दुसऱ्याचेही पद ऐकणे भाग होते, आणि त्याला वन्समोअर मिळाला तर तोही पुरा होईपर्यंत बसणे भाग होते. मत बदलायची सक्ती नव्हती. ऐकण्याची मात्र होती.

नाटकही कोणते, तर 'मानापमान'! १९११ साली रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचे कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. श्रीमंत घरची भामिनी धैर्यधराला त्याच्या गरिबीवरून तुच्छ लेखते. धैर्यधर शूर आहे, पण अपमान त्यालाही सोसत नाही. पुढे भामिनी श्रीमंती बाजूला ठेवून वनमाला या साध्या मुलीच्या रूपात त्याच्यासमोर येते, तेव्हा कुठे तिला हा माणूस दिसतो आणि त्यालाही ती दिसते. आपला मोठेपणा अंगावर असेपर्यंत समोरचा माणूस नीट दिसत नाही, एवढी साधी गोष्ट खाडिलकरांनी रचली. आपल्या लॉबीतल्या वादांना ती तंतोतंत लागू पडते. वाद सुरू होतो नाटकाच्या मूल्यमापनावरून, पण दहा मिनिटांत मुद्दा होतो "मला नाटकातलं कळतं की नाही" हा. एकदा तो झाला की नाटक विंगेत जाते आणि आपलाच मानापमानाचा प्रयोग सुरू होतो, तोही पदांविना.

त्या जुलैनंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. ज्या कुणा गंधर्वभक्ताने त्या संध्याकाळी केशवरावांना मनापासून ऐकले असेल त्याने केवढे कमावले, आणि ज्याने कान बंद करून वन्समोअरच्या वेळी घड्याळ पाहिले असेल त्याने केवढे गमावले!

यावर कोणी म्हणेल, ते संगीत नाटकाचे दिवस गेले. मग अलीकडच्या काळातले घेऊ. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी 'धि गोवा हिंदु असोसिएशन'ने रंगभूमीवर आणले. गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभे केले डॉ. श्रीराम लागूंनी. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा मोठ्या नटांनी ती भूमिका केली. "खरा बेलवलकर कोणाचा?" हा वाद आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आजही होतो. लागूंच्या बाजूचे म्हणतात, बेलवलकर हा कोसळणारा मोठा माणूस आहे, त्याच्या मागे राजा लियरची सावली आहे, तेव्हा त्याची शोकांतिका भव्य दिसली पाहिजे. दत्ता भटांच्या बाजूचे म्हणतात, तो आधी जुन्या रंगभूमीचा नट आहे. घरातल्या साध्या बोलण्यातही त्याचा नाटकी रुबाब आणि बापाचा ओलावा दिसायला हवा.

हा वाद मला आदर्श वाटतो. कारण दोन्ही गोष्टी संहितेत आहेत. शिरवाडकरांनी भव्यताही लिहिली आणि घरगुतीपणाही. कोणताही एक नट एका बाजूला थोडा अधिक झुकणारच. त्यामुळे हा वाद घालताना माणूस पुन्हा संहितेकडे वळतो, कोणत्या प्रसंगात कोणी काय केले ते आठवू लागतो, आणि समोरच्याने सांगितलेली एखादी जागा आपल्या ध्यानातच आली नव्हती हे त्याला कळते. वाद चांगला की वाईट हे ओळखण्याची माझी खूण हीच. वाद संपल्यावर ते नाटक पुन्हा पाहावेसे वाटले तर वाद चांगला झाला. त्या माणसाचे तोंड पाहू नये असे वाटले तर तो नाटकाबद्दलचा वाद नव्हताच.

अर्थात सगळेच मतभेद नटाच्या शैलीइतके निरुपद्रवी नसतात. काही नाटके माणसांना खरोखर दुखावतात. तिथे सभ्यतेची कसोटी लागते. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झाले १६ डिसेंबर १९७२ ला, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांचे आणि पेशवाईतल्या ब्राह्मणांचे चित्रण पाहून पुण्यात वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवले. कलाकारांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली नाटक युरोपला निघाले तेव्हा विरोध पुन्हा उसळला, तरी दौरा झाला.

आजही चार मराठी माणसांत 'घाशीराम'चा विषय काढा, आवाज चढतो. चढतो याचे कारण, माझ्या मते, तीन वेगळे प्रश्न आपण एकाच वाक्यात कोंबतो. नाटक म्हणून ते कसे आहे, हा पहिला प्रश्न. इतिहासातल्या नानांना ते न्याय देते का, हा दुसरा. आणि ते बंद करावे का, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंकोच आहे. कधी ओळ, कधी भिंत, कधी जमाव होणारा माणसांचाच पडदा, आणि खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी यांची एकजीव गुंफण हे मराठी रंगभूमीने जगाला दाखवावे असे काम आहे. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी राक्षस कसा निर्माण करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती कसा देते, हे त्या पडद्याच्या हालचालीतूनच समजते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला आक्षेपकांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले होते. पण नाव खरे, शहर खरे, काळ खरा असताना प्रेक्षकाच्या मनात ते चित्र इतिहास म्हणून राहते. ज्याने लहानपणापासून नानांना पेशवाई सावरणारा मुत्सद्दी म्हणून मानले, त्याला यातना झाल्या तर त्या खोट्या नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा स्वच्छ: बंद करू नये. ज्याला पटत नाही त्याने न पाहावे, पाहून विरुद्ध लिहावे, नानांवर दुसरे नाटक लिहावे.

आता गंमत पाहा. तीन प्रश्न वेगळे केले की 'घाशीराम'चा कट्टर चाहता आणि कट्टर विरोधक यांचे निदान एका प्रश्नावर एकमत निघू शकते. एकत्र कोंबले की चाहता म्हणतो "तुम्ही प्रतिगामी," विरोधक म्हणतो "तुम्ही धर्मबुडवे," आणि चंदावरकरांच्या संगीताबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. समोरच्याला नेमके काय खुपते ते आधी ओळखणे आणि त्याच प्रश्नाचे उत्तर देणे, ही माझ्या दृष्टीने सभ्यतेची पहिली पायरी. ती चढायला कष्ट पडतात. शिवी द्यायला काहीच कष्ट पडत नाहीत.

सभ्यता म्हणजे शरणागती, असेही कोणी समजू नये. तेंडुलकरांचेच 'गिधाडे' डॉ. लागूंनी १९७० साली बसवले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळाने ज्या गोष्टींवर आक्षेप घेतला त्यात पातळावरचा रक्ताचा लाल डागही होता. नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना नम्रपणे सांगितले की तो लाल समजावा. हुकूम पाळला, आवाज चढवला नाही, आणि हुकुमातला विसंगतपणा साऱ्या प्रेक्षागृहाला दाखवून दिला. माझ्या पाहण्यात नाट्यक्षेत्रातला इतका सभ्य आणि इतका बोचरा प्रतिवाद दुसरा नाही. शिवी दिली असती तर ती आज कोणाला आठवली असती?

ही सारी उदाहरणे मोठ्या माणसांची आणि मोठ्या नाटकांची झाली. आपल्या मंडळाच्या एकांकिकेला ती कशी लावायची? मला वाटते, आधी मोजपट्टी ठरवावी. भारतातून आलेले व्यावसायिक नाटक आपण तिकीट काढून पाहतो. त्याच्या ढिल्या प्रयोगाबद्दल, गाळलेल्या प्रवेशांबद्दल, प्रवासात अर्ध्यावर आलेल्या नेपथ्याबद्दल सडेतोड लिहायला हरकत नाही. तो आपला हक्क आहे. शेजारच्या कुटुंबाने हौसेने केलेल्या प्रयोगाला तीच पट्टी लावणे अन्याय आहे. पण म्हणून तिथे पट्टीच नको, असेही नाही. तिथे विचारावे: गेल्या वर्षीपेक्षा काय सुधारले, आणि पुढच्या वर्षी कोणती एक गोष्ट सुधारता येईल? एकच. सतरा दोषांची यादी ऐकून कोणी शिकत नाही, अगदी बालगंधर्वही शिकले नसते.

दुसरे, बोलताना प्रसंगाकडे बोट दाखवावे, माणसाकडे नको. "तुम्हाला अभिनय येत नाही" यावर त्या माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. "पत्र वाचण्याच्या प्रसंगात तुम्ही फार लवकर रडलात, त्यामुळे आम्हाला रडायला वेळ मिळाला नाही" यावर बरेच काही करता येते. तिसरे, ग्रीनरूममध्ये तोंडावर जे म्हटले त्याच्या उलट गाडीत म्हणू नये. मागच्या सीटवर मुले बसलेली असतात आणि ती आपल्यापेक्षा नीट ऐकतात.

मुलांचा विषय निघालाच आहे तर शेवटी तेच सांगतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम तिथे आहे. इथे जन्मलेली आपली मुले बालनाट्यात उभी राहतात तेव्हा 'बाळ'चे 'बाल' होते, 'डोळे'चे 'डोले' होतात. घरात कोणी तसे म्हटले तर आपण कौतुकाने हसतो; प्रेक्षागृहात दोनशे माणसे हसली की ते हसणे मुलाला वेगळे ऐकू येते. बारा वर्षांच्या एखाद्या मुलीने पाठ केलेली चार वाक्ये त्या हशात बुडाली तर ती पुढच्या वर्षी "मला सॉकर आहे" म्हणेल, आणि आपण म्हणू, "या मुलांना मराठीची गोडीच नाही." त्याच मुलीला प्रयोगानंतर बाजूला घेऊन कोणी सांगितले की "तुझं थांबणं फार छान होतं, आता जीभ टाळ्याला लावून 'ळ' म्हणून बघ," तर तिला एक अक्षर मिळेल आणि बहुधा एक रंगभूमीही.

येत्या हंगामात आपल्याकडे पुन्हा नाटक येईल, पुन्हा लॉबीत घोळके जमतील. वाद जरूर घाला, कडकडून घाला. फक्त समोरच्याचे पद संपेपर्यंत थांबा. त्याला कदाचित वन्समोअरही मिळेल. तेवढा वेळ काढून बसायला हरकत नाही.